काठाची फुले : जुनी जर, लेस आणि रुखवत

कोपरगावातील एका लग्नघरी रुखवताच्या मेजापाशी आम्ही शिष्टाचार सोडून बराच वेळ उभे होतो. मेजावर हल्ली असते ते सगळे होते. बाजारातून तयार आणलेली पालखी, सुपाऱ्यांचे वऱ्हाड, रंगवलेले नारळ, बिस्किटांची बैलगाडी. या थाटात एका कोपऱ्यात, कोणाच्या नजरेत सहसा येऊ नये अशी, काचेची एक जुनी चौकट टेकवून ठेवली होती. आत विटलेल्या निळ्या मखमलीवर नऊ फुले. काही लेसच्या पट्ट्या चुणून केलेली, काही लुगड्याच्या काठांना घड्या घालून. नवरीच्या आजींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हिच्या खापरपणजीपासूनचं आहे ते. प्रत्येक लग्नात एखाददुसरं फूल वाढलं." आणि आम्ही फारच निरखून पाहत आहोत हे ध्यानी आल्यावर जराशा संकोचून त्यांनी पुस्ती जोडली, "त्यात काही नाही हो. चिंध्यांची फुलं ती."

त्या "काही नाही"विषयी प्रस्तुत लेख आहे.

वस्त्रांचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला नाही असे म्हणता येणार नाही. कोणी विणले, कोणत्या पेठेत विकले, कोणत्या दरबाराने मागवले याच्या नोंदी आहेत. नाशिक जिल्ह्याचे गॅझेटिअर १८८३ साली व नगरचे १८८४ साली निघाले. त्यांत विणकर, रंगारी, तार ओढणारे यांची दखल आहे. परंतु ही सारी दखल वस्त्र नवे असते तोपर्यंतची. वस्त्र अंगावर चढले की ते इतिहासाच्या हातून सुटते, आणि जीर्ण झाले की कोणाचेच राहत नाही. वास्तविक महाराष्ट्रातल्या घरांत लुगड्याचे दुसरे आयुष्य पहिल्याहून लांब असे. मऊ झालेल्या सुती लुगड्याची गोधडी, दुपटी, बाळाची लंगोटी, शेवटी चुलीपाशी लागणारे मसोते, ही उतरंड कोणालाही ठाऊक आहे. गोधडीला तर मराठी कवितेने आणि आठवणींच्या लेखनाने डोक्यावर घेतले. पण गोधडी अंगाची होते. काठाचे काय होते?

काठ हा लुगड्याचा सर्वांत टिकाऊ आणि सर्वांत महाग भाग. अंग विरते, काठ उरतो. शिवाय गोधडीत जर टोचते, म्हणून काठ आधीच फाडून बाजूला काढलेला असतो. या बाजूला काढलेल्या काठाचे भवितव्य एका साध्या प्रश्नावर अवलंबून असे : जर खरी की खोटी?

हा प्रश्न कोपरगावात जितका घरगुती होता तितका तो महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. कोपरगाव गोदावरीच्या तीरावर, आणि येवला तेथून नगर–मनमाड रस्त्याने जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. आज एक गाव अहिल्यानगर जिल्ह्यात व दुसरे नाशिक जिल्ह्यात मोडते. पण १८६९ साली नाशिक जिल्हा वेगळा होईपर्यंत येवल्याचा मुलूखही नगरकडेच होता. येवल्याची पैठणी आणि पीतांबर यांची कीर्ती सांगण्याची गरज नाही. रघोजी नाईकांनी रेशमाचे व जरीचे कसबी आणून ही पेठ वसवली, ही हकिकत येवल्यात अजून सांगितली जाते. रेशीम रंगवणारे, चांदीची तार ओढणारे, ती चपटी करणारे, ती रेशमाच्या धाग्यावर वळणारे असे निरनिराळे हात एका काठामागे राबत. चांदीच्या कांबीला सोन्याचा मुलामा द्यायचा, पोलादी जंत्रीच्या एकाहून एक बारीक भोकांतून ती ओढत केसासारखी करायची, ठोकून चपटी करायची आणि मग पिवळ्या रेशमावर गुंडाळायची. म्हणजे काठातले सोने वरवरचे, पण चांदी पोटातली असे.

आणि म्हणूनच काठ वितळवता येत असे. खऱ्या जरीचे जुने वस्त्र घेऊन गेले की जर घेणारा ते वजन करून, अंदाज बांधून पैसे देई. मग ते जाळायचे. रेशीम जळून राख होई, राखेतून चांदी हाती येई, ती सवागी घालून मुशीत आटवली की पुन्हा कांब. सराफाच्या दुकानातील केर विकत घेऊन त्यातून सोन्याचा कण वेचणाऱ्या झारेकऱ्यांच्या धंद्याइतकाच हा धंदा मुकाट, काटेकोर व कोणाच्याही स्तुतीची अपेक्षा न धरणारा. मुलीच्या लग्नाला, दुष्काळी वर्षाला, दुखण्याबाण्याला पेटीतले जरीचे लुगडे हे बायकांचे शेवटचे धन होते. ते वापरले जात नसे तेव्हाही पेटीत घडी घालून असे, ते याकरिता.

येथे क्षणभर थांबून पैठणीच्या पदराची रचना आठवावी. जुन्या पैठणीच्या पदरात जमीन जरीची असते, आणि तीवर आसावलीचे वेल, कमळ, कोयरी, पुढे मोर व मुनिया ही नक्षी रंगीत रेशमाने विणलेली. वेगळ्या शब्दांत, फुले रेशमाची आणि जमीन चांदीची. पदर भट्टीत गेला की फुले जळत आणि जमीन उरे. महाराष्ट्रातली किती आसावली या रीतीने राखेत गेली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही, ठेवणे शक्यही नव्हते. परंतु संग्रहालयांतून आज दिसणाऱ्या जुन्या पैठण्या इतक्या मोजक्या का, याचे एक कारण कसर आणि वाळवी यांच्याबरोबर चांदीचा भाव हेही आहे. जे वस्त्र अधिक मोलाचे ते अधिक खात्रीने नाहीसे झाले. इतिहासाच्या अभ्यासकाला ही विपरीत गोष्ट सदैव डोळ्यांपुढे ठेवावी लागते.

पेटीतल्या या वस्त्रांना आणखी एक काळी किनार होती. ब्राह्मण व तत्सम जातींत नवरा गेला की स्त्रीच्या अंगावर आलवण येई आणि जरीचे सारे काही अंगावरून कायमचे उतरे. सालबाईच्या तहानंतर राघोबादादा कोपरगावी येऊन राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी तेथेच वारले. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १७८४ मध्ये, आनंदीबाईंना चिमाजी झाला. पेशवाईच्या बखरींना आनंदीबाईंचे कारस्थान ठाऊक आहे. कोपरगावच्या वाड्यातील त्यांच्या पेटाऱ्यांत त्या डिसेंबरनंतर काय बंद झाले असेल, हा प्रश्न कोणाला सुचत नाही. सामान्य घरात अशा विधवेची लुगडी लेकीसुनांत वाटली जात, आणि पुष्कळदा कापली जात; कारण जे अखंड नेसायला मन धजत नसे, त्याचे तुकडे मात्र चालत. परकराचा काठ, चोळीच्या बाह्या, देवघराचा पडदा. आमच्या समजुतीप्रमाणे घराघरांतील काठांच्या गाठोड्यांचा एक मोठा झरा हा आहे, आणि तो काही आनंदाचा नाही.

मग खोटी जर आली. "खोटी" हा बाजारातला शब्द; त्यात निंदा कमी आणि प्रतवारी अधिक. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधून यंत्रावर काढलेली जर येऊ लागली व हातांनी तार ओढणाऱ्यांची भाकरी तिने हिरावली. सुरतेने पुढे विजेच्या मुलाम्याचे तंत्र आत्मसात केले. चांदीच्या जागी तांब्याची तार, तीवर चांदीचे पातळ पाणी, आत रेशमाऐवजी सूत किंवा कृत्रिम धागा. शतकाच्या उत्तरार्धात तांबेही गेले. चमकणाऱ्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची बारीक पट्टी हीच जर झाली. जर घेणाऱ्याने काठ नखाने खरवडावा आणि आतून तांबडे दिसले की मान हलवावी, हे दृश्य आमच्या पिढीतील पुष्कळांनी ओटीवर बसून पाहिलेले आहे. पाठोपाठ दारी येई ती बोहारीण. तिला जरीशी कर्तव्य नव्हते. साडी धडकी आहे की फाटकी एवढेच ती पाही, आणि फाटकीवर पातेले देत नसे.

येथे आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. काठाला चांदीचा भाव होता तोवर काठाची फुले होणे अवघड होते. कोण शहाणी बाई चांदी कातरून चौकटीत बसवील? काठातली चांदी गेली आणि तो ना भट्टीच्या, ना बोहारणीच्या कामाचा राहिला, तेव्हाच तो बायकांच्या हाती निखालस मोकळा सापडला. शोभेच्या या फुलांचा बहर म्हणजे खऱ्या जरीच्या ऱ्हासाची उलटी बाजू. हा तर्क आहे, सिद्धान्त नव्हे. परंतु कोपरगावच्या त्या चौकटीने त्याला थोडा आधार दिला, तो पुढे सांगू.

काठांच्या जोडीला लेस आली. मराठीत "लेस" हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. खरे म्हणजे जिला पोत नाही, जी केवळ धाग्यांच्या गाठींनी व भोकांनी बनते, ती लेस. पण आपल्याकडे मॅचिंग सेंटरात किंवा कटलरीच्या दुकानात मीटरवर मिळणारे जे जे म्हणून काठाला लावायचे, मग ते जाळीचे असो, गोट्याचे असो, टिकल्या लावलेली फीत असो, ते सगळे लेस. या शब्दाच्या ऐसपैसपणातही इतिहास आहे. झालर, गोट, किनार, मगजी असे नेमके शब्द असताना एका परक्या शब्दाने सर्वांना गिळले, याचे कारण तो शब्द दुकानातून आला, शिवणघरातून नव्हे. दौंड–मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला आणि मुंबईचा यंत्रमाल कोपरगावच्या वेशीपर्यंत आला. लेसचे रीळ हे त्यातले सर्वांत हलके, सर्वांत स्वस्त व बायकांना परवडणारे बिऱ्हाड.

दुसरी वाट मिशनची. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून होते आणि सिंथिया फरार यांनी तेथे मुलींच्या शाळा चालवल्या. मिशनच्या मुलींच्या शाळांत अक्षरओळखीच्या जोडीला सुईकाम असे. पुढे पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी, १९०९ पासून, शिवणकामाला निराधार स्त्रीच्या चरितार्थाचे साधन म्हणून प्रतिष्ठा दिली. पण क्रोशाची सुई मात्र चरितार्थापेक्षा अधिक वेगाने माजघरात शिरली, आणि तिथे तिला "हौस" म्हटले गेले.

"हौस" हा शब्द निरुपद्रवी दिसतो. याच गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला, समुद्राला मिळण्यापूर्वी, आंध्रातले नरसापूर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली व तिचा निर्यातीचा मोठा धंदा झाला. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवर पुस्तक लिहिले. दिवसाचे सहा-आठ तास परदेशी बाजारासाठी विणणाऱ्या या बायकांना कामगार न म्हणता "घरी बसलेल्या गृहिणी" म्हटले गेले, आणि त्या फावल्या वेळात विणतात असे धरून मजुरी कवडीमोल ठेवली गेली, हे त्या पुस्तकाचे सार आहे. नरसापूरची लेस बाजारात गेली. कोपरगावची फुले रुखवतात गेली. एकीला मजुरी अपुरी मिळाली, दुसरीला मजुरीचा प्रश्नच नव्हता. दोन्हीकडे कामाला काम न म्हणण्याची रीत एकच.

रुखवत हे मूळचे खाण्याचे. वधूपक्षाने वराकडे न्यायचा फराळ, त्यावर म्हणायची गाणी, घ्यायचे उखाणे, एकमेकांना हाणायचे टोमणे. लाडू, अनारसे, चकल्या यांच्या राशी रचता रचता रचना हाच विषय झाला, आणि खाण्याच्या शेजारी मुलीच्या हातचे काम येऊन बसले. मण्यांची तोरणे, लोकरीचे पक्षी, क्रोशाचे रुमाल, ऑर्गंडीची व सॅटिनची फुले; आणि एका काळी शहरांतून ज्यांचे रीतसर वर्ग चालत ती स्टॉकिंगची फुले, तारेच्या कड्यावर नायलॉन ताणून केलेली. मुलगी पाहायला येणारे "शिवण-टिपण येतं का?" असे विचारीत, रुखवत हे त्या प्रश्नाचे जाहीर उत्तर असे. त्यात परीक्षेचा वास आहे हे आम्ही नाकारीत नाही. मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतही कधी कधी कोणी आपले म्हणणे लिहून जाते.

काठाच्या फुलांचा रुखवताहून जुना ठाव बहुधा कुंचीत आहे. बाळंतविड्यातली कुंची म्हणजे डोक्यावरून पाठीवर रुळणारे बाळाचे टोपडे. ते खणाचे किंवा जुन्या जरीकाठाचे करावे, कडेला लेस लावावी, माथ्यावर चुणलेल्या फितीचे फूल, मागे गोंडा. जुन्या लुगड्याचे मऊपण बाळाला मानवते ही व्यवहाराची बाजू. आणि आजीच्या अंगावरचे नातवंडाच्या डोक्यावर यावे ही मनाची. ओटीत आलेले खण पेटीत साठत, त्यांचाही उपयोग इथेच. पारशी कुटुंबांत भरतकाम केलेली "कोर" जुन्या साडीवरून उसवून नव्या साडीला लावण्याची चाल होती, आणि एकच कोर कित्येक साड्यांवरून फिरे. आपल्या काठाला ती सोय नाही. तो वरून शिवलेला नसून अंगाबरोबर विणलेला असतो. त्याला वेगळे करायचे तर कातरच लागते. म्हणून पारशिणीची कोर अखंड राहते आणि आपला काठ तुकड्यातुकड्यांनी जगतो.

तुकड्याचे फूल करणे दिसते तितके सोपे नाही. लेस जुनी असेल तर ती लुळी पडलेली असते. तिला आधी तांदळाच्या पेजेची खळ द्यावी लागते, म्हणजे पाकळी उभी राहते. पट्टीच्या एका कडेने धावदोरा घालायचा, दोरा ओढून चुण्या पाडायच्या, मग पट्टी स्वतःभोवती गुंडाळत न्यायची, आतला वेढा घट्ट व बाहेरचा सैल. प्रत्येक वेढ्याला खालून टाका, बुडाशी बकरमची चकती, मध्ये मोती, टिकली किंवा चोळीचे जुने बटण. काठाचे तंत्र निराळे. काठ ताठ असतो, त्याला चुण्या मानवत नाहीत. तो चौकोनी कापून कोनावर दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, आणि असे पाच-सहा त्रिकोण एका दोऱ्यात ओवून ओढायचे. कातरलेली कड उसवते, जरीची तर फारच. कृत्रिम धाग्याची असेल तर ती दिव्याच्या ज्योतीवरून झरकन फिरवली की वितळून बंद होते. रेशमी असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि कड काळी भुरभुरीत होते. मग तिला आत मुडपून टाके घालण्यावाचून गती नाही. ज्या बाईने ही फुले केली तिला कापडाची जात ज्योतीपाशी कळत असे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत माल्यग्रथनविकल्प एक आणि सूचीवानकर्म दुसरी. हे काम दोहोंच्या मधल्या फटीत पडते, आणि फटीत पडलेल्या गोष्टी याद्यांत येत नाहीत.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे आपल्या परिभाषेकडे थोडे वळून पाहणे भाग आहे. मराठी समीक्षेत "कागदी फुले" ही शिवी आहे. जे जिवंत नाही, ज्याला गंध नाही, जे बेगडी आहे, त्याला आपण कागदी किंवा कापडी फूल म्हणतो. "बेगड" हा शब्दही चमकत्या पत्र्याचा, म्हणजे याच सजावटीच्या घरचा. "कलाकुसर" म्हणताना आपला स्वर किंचित खाली उतरतो, "कारागिरी" म्हणताना त्याहून अधिक. या उपमांनी आपले बरेच भागले, पण त्यांनी आपल्याला एक गोष्ट पाहू दिली नाही. कापडाचे फूल हे खऱ्या फुलाची नक्कल असतेच असे नाही. त्या चौकटीतले एकही फूल गुलाबासारखे, जाईसारखे किंवा शेवंतीसारखे नव्हते. ती फुले लुगड्यांसारखी होती. हिरवे फूल म्हणजे हिरव्या शालूची आठवण होती, बागेतल्या कशाची नव्हे. ज्याची नक्कल करायची ते फूल नसून गेलेले वस्त्र असेल, तर "खोटे फूल" या आरोपाला अर्थ राहत नाही.

कोपरगावच्या बेटावर शुक्राचार्यांचे देऊळ आहे आणि कच-देवयानीची कथा तेथे घडली असे मानतात. खाडिलकरांचे "विद्याहरण" (१९१३) आणि खांडेकरांची "ययाती" (१९५९) यांमुळे मराठी वाचकाला ती कथा विद्येची, प्रेमाची किंवा भोगाची म्हणून परिचित आहे. पण आदिपर्वातील मूळ कथा दोन अगदी घरगुती वस्तूंवर वळण घेते. कच देवयानीसाठी फुले आणायला रानात जातो आणि दानव त्याला मारतात. पुढे जलक्रीडेच्या वेळी वस्त्रांची सरमिसळ होते, शर्मिष्ठा चुकून देवयानीचे वस्त्र नेसते, आणि त्या एका वस्त्रावरून दोघींची आयुष्ये उलटीपालटी होतात. फूल आणि वस्त्र. आम्ही यातून काही सिद्ध करू इच्छीत नाही. त्या लग्नाच्या दुपारी बेटावरून परतताना ही गोष्ट आठवली, एवढेच.

आता आजचे. २३ मार्च २०१८ रोजी राज्यात प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली, आणि गणपतीच्या मखरांतून थर्माकोल हटू लागला तसे कागद आणि कापड परत आले. महालक्ष्म्यांच्या आराशीत खणाची तोरणे, काठाची फुले दिसू लागली. बचत गटांच्या प्रदर्शनांत ती विकायला असतात. काही ठिकाणी त्यांना बऱ्यापैकी किंमत येते. याचा आम्हाला आनंद वाटतो, कारण "हौस" म्हणून फुकट गेलेल्या कामाला कोणीतरी अखेर दर लावला. मात्र याच्या जोडीला दुसरी एक चाल निघाली आहे, आणि तिच्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. जुन्या, हाताने विणलेल्या, खऱ्या जरीच्या पैठण्या विकत घेऊन त्या कातरायच्या आणि त्यांच्या तुकड्यांची फुले, बटवे, दागिने करून "वारसा" म्हणून विकायचे. भट्टीने जे केले तेच ही कातर करते, फक्त अधिक गोड बोलून. कोपरगावच्या बाईने काठ कापला तेव्हा अंग आधीच विरले होते; काठ उरला होता म्हणून तिने त्याचे काहीतरी केले. उरलेल्याचे फूल करणे आणि फुलासाठी अखंड वस्त्र फाडणे यांत फरक आहे. तो न ओळखणाऱ्यांनी निदान वारसा हा शब्द वापरू नये. ज्यांच्या घरी अशी पैठणी आहे आणि ती नेसवत नाही, त्यांनी तिची घडी दरवर्षी बदलावी, सुती कापडात गुंडाळावी, आणि एखाद्या संग्रहालयाला विचारावे.

त्या चौकटीकडे परत येतो. आजींनी तिची मागची फळी उघडू दिली. फुले मखमलीला मागून टाचलेली होती, टाके दोन-तीन हातांचे. एक हात फार बारीक, एक घाईचा. नऊ फुले आम्ही उजेडाला धरून पाहिली. चार फुलांची जर आजही पिवळी धमक होती, काल आणल्यासारखी. ती प्लॅस्टिकची, तिला काळ लागत नाही. तीन फुलांच्या जरीवरचे पाणी उडाले होते, घडीच्या धारेवर तांबडे दिसत होते व एके ठिकाणी हिरवट डाग पडला होता, ते तांबे. एक फूल निव्वळ सुती जाळीच्या लेसचे होते, खळ अजून धरून. म्हणजे आमच्या तर्काप्रमाणे सारे जुळत होते. सातही काठ असे, की जे कोणी विकत घेतले नसते.

नववे फूल सर्वांत लहान. दीड इंचाचे, खालच्या कोपऱ्यात. त्याची जर काळी पडली होती, जुन्या पैंजणासारखी काळी. तांबे असे काळवंडत नाही. ती चांदी होती. हे आमच्या तर्काच्या आड येणारे फूल. हे मुशीत का गेले नाही, असे आम्ही विचारले.

"ते लुगड्याचं नाही," आजी म्हणाल्या. "कुंचीचं आहे. माझ्या सासूबाईंचा पहिला मुलगा दीड महिन्याचा होऊन गेला. नंतर घरात पैशाची फार ओढ होती, तेव्हा लुगडी सगळी गेली. कुंची त्यांनी दिली नाही. झिजून झिजून तेवढं राहिलं."

मग त्यांनी फळी पुन्हा बसवली, चार खिळे अंगठ्याने दाबले, आणि मांडवात जेवणाची पाने मांडली आहेत, आता उशीर करू नका, असे आम्हाला सांगितले.